पुण्याचं प्रायव्हेट कॉम्प्युटर की जळगावचं सरकारी इलेक्ट्रिकल? ब्रँचचंच नक्की नाहीये, मदत करा

केळीबाग_यावल

नमस्कार सगळ्यांना. मी यावल तालुक्यातली, यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ८९ पर्सेंटाइल आहेत. ओबीसी, नॉन क्रिमिलेयर आणि व्हॅलिडिटी दोन्ही काढलेलं आहे. माझ्यापुढे आता दोन कॉलेजं आहेत आणि चार दिवस झाले नीट झोप नाहीये.

एक, पुण्यातली एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी (नाव लिहीत नाही). तिथे त्यांची वेगळी परीक्षा दिली होती, कॉम्प्युटर सायन्सची सीट देताय. फी वर्षाला सव्वातीन लाख, हॉस्टेल आणि मेस मिळून एक लाख चाळीस हजार. शनिवारपर्यंत ५० हजार भरून सीट पक्की करा म्हणून रोज दोनदा फोन येतो.

दुसरं, जळगावचं शासकीय अभियांत्रिकी. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या राउंडला इलेक्ट्रिकल लागलंय, माझा चौथा पसंतीक्रम होता.

खरं सांगायचं तर मला कॉम्प्युटरच करायचंय असं काही नाहीये. क्लासमध्ये सगळ्या मुली कॉम्प्युटर म्हणत होत्या म्हणून मी पण तेच पहिलं टाकलं. बारावीला थोडं पायथन केलं, बरं वाटलं, पण खूप आवडलं असंही नाही. फिजिक्स आवडतं. घरी मोटरचं काम मीच बघते, म्हणजे स्टार्टर, ऑटो, रिले वगैरे, पप्पांना रात्रीच्या लाईनीला विहिरीवर जावं लागतं तर मी सोबत जाते. एकदा फूड टेक्नॉलॉजी पण डोक्यात आलं होतं कारण घरी केळी आहे. म्हणजे बघा, मला काय करायचंय हेच मला माहीत नाही आणि त्यावर अठरा लाख खर्च करायचे की नाही हे ठरवायचंय.

मे महिन्यात वादळात आमची निम्मी मृगबाग (मृगात लावलेली केळी) आडवी झाली, घड लागलेले होते. पप्पा म्हणता "तुले जे शिकाचं आसीन ते शीक, पैशाचं मी पायतो". पण परवा रात्री ते ओट्यावर बसून वजनकाट्याच्या पावतीच्या मागे पेनने हिशोब करत होते, मी पाणी द्यायला गेले तर त्यांनी ती पावती खिशात घातली. आईने तिची गळ्यातली पोत काढून डब्यात ठेवलीय, मला विचारलं नाही, सांगितलं पण नाही.

पुण्याला गेले नाही तर मागे राहीन का? आणि इलेक्ट्रिकल मुलींनी घ्यावं का? कोणी अनुभव असेल तर सांगा.

कोथरूडला_बारा_वर्षं

ताई, मी चोपड्याकडचा, बारा वर्षांपूर्वी पुण्याला आलो, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी तर म्हणेन पुण्याला ये. कॉलेजसाठी नाही म्हणत मी, आजूबाजूच्या वातावरणासाठी म्हणतोय. मी आलो तेव्हा माझं बोलणं ऐकून पोरं हसायची, "करू राह्यलो" म्हणलं की हसायची, पहिले सहा महिने मी वर्गात तोंडच उघडलं नाही. पण त्याच पोरांसोबत राहून इंग्रजी आलं, इंटर्नशिप कशी शोधतात ते कळलं, सीनियर लोकांची ओळख झाली, आणि ती ओळखच पहिल्या नोकरीला कामी आली. हे गावाकडे राहून झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

पण एक गोष्ट. माझी फी अर्धी माफ होती, प्रवेश कॅपमधून होता. साडेचार लाख वर्षाला असते तर माझ्या बापाला वावर विकावं लागलं असतं. त्यामुळे पैशाचं मी काही बोलत नाही, त्याचं जाणकार सांगतील. आणि त्यांना प्लेसमेंटचं विचारशील तर सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नको, ते एकाच पोराचं असतं. विचार की मागच्या वर्षी या ब्रँचला किती पोरं होती, त्यातली किती लागली, आणि लागलेल्यांतल्या मधल्या पोराला किती मिळाले. लेखी माग. देत नसतील तर समजून जा.

भुसावळ_निवृत्त_बँक

बेटा, मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. तुझा हिशोब मी मांडून देतो, पप्पांनी पावतीमागे तोच मांडला असेल.

सव्वातीन लाख गुणिले चार म्हणजे १३ लाख. हॉस्टेल-मेस एक लाख चाळीस गुणिले चार म्हणजे ५ लाख ६० हजार. झाले १८ लाख ६० हजार, आणि यात फी दरवर्षी वाढेल ते धरलंच नाही, लॅपटॉप नाही, येणंजाणं नाही. समज ३ लाख ६० हजार घरून घातले आणि १५ लाखाचं शैक्षणिक कर्ज काढलं. साडेसात लाखाच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे घर नाहीतर वावर. हप्ते शिक्षण संपून एक वर्षाने सुरू होतात हे सगळे सांगतात, पण व्याज पहिला पैसा उचलला त्या दिवसापासून चढतं हे कोणी जोर देऊन सांगत नाही. १० टक्के साधं व्याज धर आणि दरवर्षी पावणेचार लाख उचलले असं धर. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं व्याज, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, चौथीवर दोन. एकूण सव्वापाच लाख. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच १५ चे २० लाख २५ हजार झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास २६ हजार ७०० रुपये.

आता तुझी पहिली नोकरी २५-३० हजाराची लागली तर? पुण्यात खोलीभाडं कुठून देशील? माझ्या टेबलासमोर असे किती बाप येऊन बसले बेटा, पोराची नोकरी आहे पण हप्ता बापाच्या केळीतून चाललाय. केळीचा भाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सरकारची व्याज सवलत आहे, वार्षिक उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर शिकतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. पीएम विद्यालक्ष्मीमध्ये ८ लाखापर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखापर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सूट आहे. पण या सवलती सरसकट प्रत्येक संस्थेला लागू नाहीत, यादी असते, तुझी संस्था त्या यादीत आहे का ते आधी बघ. कॉलेजच्या फोनवाल्या मुलीचं ऐकून नको, बँकेत जाऊन बघ.

कर्ज वाईट असं मी म्हणत नाही. काय शिकायचं हे पक्कं माहीत असेल आणि सरकारी जागा मिळत नसेल तर कर्ज काढून शिकावं, मी स्वतः अशी कर्जं आनंदाने मंजूर केलीत. पण तू म्हणतेस ब्रँचचंच नक्की नाही. नक्की नसताना २० लाखाचं ओझं घेतलं की मग नावडलं तरी बदलता येत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

सेतू_आणि_फॉर्म_धुळे

ताई माझं धुळ्याला फॉर्म भरायचं दुकान आहे, सीझनला रोज पन्नास पोरं येतात, म्हणून नियमाचं तेवढं सांगतो.

८ जुलै २०२४ चा जीआर आहे. व्यावसायिक कोर्सला मुलींची १०० टक्के ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे आणि प्रवेश कॅपमधून पाहिजे. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना ते लागू नाही, मॅनेजमेंट कोट्याला पण नाही. म्हणजे तुमच्या पुण्याच्या सीटला शून्य माफी आणि जळगावला ट्यूशन फी शून्य. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे भरावंच लागतं, ते माफ नाही, लोकांचा इथे गोंधळ होतो. महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) फॉर्म भरावाच लागतो, आपोआप काही होत नाही, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला ताजा काढून ठेवा, आधारला बँक खातं लिंक आहे का ते बघा. दरवर्षी रिन्यू करायचं.

दुसरं, जळगावची सीट सोडून देऊ नका. एक हजार भरून सीट ॲक्सेप्ट करा आणि बेटरमेंटला टाका, म्हणजे ही सीट हातात ठेवून पुढच्या राउंडला वरचा पर्याय लागतो का ते बघता येतं. नवीन नियमाने २०२५-२६ पासून पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला तरच ऑटो फ्रीझ (तीच सीट कायम, पुढच्या राउंडला जाता येत नाही), दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी लागला की फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. तुमचा चौथा लागलाय म्हणजे तुम्ही मोकळ्या आहात. दुसऱ्या राउंडला ऑप्शन फॉर्म नव्याने भरता येतो. पण ध्यान ठेवा, वरचं काही लागलं की खालची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून ज्या कॉलेजला खरंच जायचं नाही ते यादीत जळगावच्या वर टाकायचंच नाही. मागच्या वर्षी एक पोरगी रडत आली होती, मैत्रिणीने सांगितलं म्हणून लांबच्या एका कॉलेजचं नाव वर टाकलं, तेच लागलं आणि फ्रीझ झालं.

आणि कॅपमधल्या कॉलेजला ॲडमिशन घेऊन ठरलेल्या कट ऑफ तारखेच्या आत कॅन्सल केलं तर एक हजार कापून बाकीचे पैसे परत मिळतात. पुण्यावाल्यांचा रिफंडचा नियम काय तो ५० हजार भरायच्या आधी मेलवर मागा. फोनवर नको.

शहाद्याचा_मधला

माझं थोडक्यात सांगतो कारण लिहिताना पण त्रास होतो. तुझ्यासारखंच, सगळे म्हणाले कॉम्प्युटर, म्हणून कॉम्प्युटर. पुण्याजवळचं एक प्रायव्हेट कॉलेज. दुसऱ्या सेमिस्टरला कळलं की मला हे जमतं पण आवडत नाही, सकाळी उठून लॅबला जायची इच्छा व्हायची नाही. सिव्हिलला बदलून मागितलं, जागा नाही म्हणाले. घरी बोलायची हिंमत नव्हती कारण काकांनी पण पैसे घातले होते. दोन वर्षं मी सुट्टीत घरी गेलो की शेतावरच जाऊन बसायचो, कोणी अभ्यासाचं विचारू नये म्हणून. पूर्ण केलं कसंतरी. आज बरं चाललंय, पण ते चार वर्षं मी कोणालाच काही बोललो नाही ते चुकलं माझं. तू पप्पांशी बोल. ती पावती खिशातून काढायला लाव आणि दोघं मिळून हिशोब करा.

उपकेंद्र_२२०

मी इलेक्ट्रिकलची, महापारेषणमध्ये, सबस्टेशनला काम करते, शिफ्ट ड्युटी. माहेर रावेर तालुक्यातलं, म्हणजे तुझ्या शेजारचंच. तू सगळ्यात शेवटी विचारलंय "इलेक्ट्रिकल मुलींनी घ्यावं का", मी त्याचं उत्तर देते, पण आधी मला एक सांग. तू लिहिलंय "स्टार्टर, ऑटो, रिले वगैरे". ते वगैरे म्हणजे काय? तू फक्त बटण दाबते की उघडून बघते?

केळीबाग_यावल

ताई, उघडते. मागच्या दिवाळीच्या सुमारास मोटर सारखी ट्रिप व्हायची, वायरमन म्हणाला मोटर जळत आली, रिवाइंडिंगला द्या. मी टेस्टरने बघितलं तर तिन्ही फेज होते, पण मोटर चालू केली की एक फेज कमी व्हायचा. मग कॉन्टॅक्टरचे (स्टार्टरमधला मोटरला लाईन जोडणारा भाग) पॉइंट बघितले, मधला काळा पडला होता. पप्पांनी फैजपूरहून नवीन किट आणलं आणि मी बसवलं (डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून लाईन बंद करून, सांगते आधीच). मोटर अजून चालू आहे. आणि ऑटोला (लाईन आली की मोटर आपोआप चालू करतं ते) मी टाइमर लावला, म्हणजे लाईन आली की सगळ्या मोटरी एकदम उचलत नाहीत, आमची दहा सेकंदाने उचलते, तेव्हापासून डिओ (डीपीवरचा फ्यूज) कमी उडतो. पण हे काय इंजिनिअरिंग नाही ना, हे तर गावातले वायरमन पण करतात.

उपकेंद्र_२२०

हे इंजिनिअरिंगच आहे बाई. लोडवर एक फेज बसतो पण नो लोडला (मोटर बंद असताना) तिन्ही दिसतात, म्हणजे कुठेतरी जोड कमजोर आहे, आणि तो कॉन्टॅक्टला आहे हे तू स्वतः उघडून शोधलं. आमच्याकडे नवीन आलेल्या डिग्रीवाल्या मुलांना हे समजवायला मला अर्धा दिवस लागतो. आणि डीपीवर सगळ्या मोटरी एकदम उचलल्या की चालू होतानाचा करंट कितीतरी पट जातो म्हणून डिओ उडतो, तू टाइमर लावून तेच टाळलं, मोठ्या प्लांटमध्ये पण असंच एकामागून एक मोटर चालू करतात, फक्त पॅनल मोठं असतं. पायथनबद्दल तू लिहिलं "बरं वाटलं". या मोटरबद्दल तू न विचारता दहा ओळी लिहिल्या.

मुलींनी घ्यावं का, तर हो. त्रास नाही असं नाही सांगणार. शिफ्ट असते, रात्रीची पण असते, सुरुवातीला यार्डात गेले की ऑपरेटर काका माझ्याकडे न बघता हेल्परला सांगायचे. सहा महिन्यांनी ब्रेकरचा एक फॉल्ट मी काढला त्यानंतर फोन मलाच यायला लागला. लाईनवर चढायचं काम वेगळ्या लोकांचं असतं, इंजिनिअरला प्रोटेक्शन, टेस्टिंग, प्लॅनिंग हे जास्त असतं. आणि आपल्या खान्देशात बघ की, दीपनगरला औष्णिक केंद्र, साक्रीला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, आणि आता शेतकऱ्यांना दिवसा लाईन द्यायची म्हणून जागोजाग सोलर फीडर. रात्री विहिरीवर जायचं तुझ्या पप्पांचं जे काम आहे ना, ते बंद व्हावं म्हणून जे लोक काम करतात त्यातले बरेच इलेक्ट्रिकलचे.

आणि उद्या कॉम्प्युटरकडे जावंसं वाटलं तर इलेक्ट्रिकलमधून जाता येतं, एम्बेडेड आहे, ऑटोमेशन आहे, जास्तीचे १८ ते २० क्रेडिट करून कॉम्प्युटरमध्ये मायनर (डिग्रीसोबतचा जोडविषय) घेता येतं (कॉलेज देतं का ते विचारून घे). पहिल्या वर्षानंतर रिकाम्या जागा असतील तर मेरिटवर ब्रँच बदलून मिळते, पण त्या भरवशावर ॲडमिशन घेऊ नको.

कोथरूडला_बारा_वर्षं

मी वर पुणे म्हणालो होतो, पण हे कॉन्टॅक्टरचं वाचून मी माझं बोलणं मागे घेतो. वातावरणाचं म्हणालो ते खरंच आहे, पण ते इंटर्नशिपला येऊन मिळव, सुट्टीत दोन महिने. राहायची अडचण आली तर आपली खान्देशी मंडळी इथे भरपूर आहेत, कोणीतरी ओळखीचं घर निघतंच. इंग्रजी मात्र आत्तापासून धर, रोज अर्धा तास मोठ्याने वाच.

फूडटेक_जळगाव

फूड टेक्नॉलॉजीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे, तिथे पण कॅपमधूनच प्रवेश होतो. घरी केळी आहे म्हणून डोक्यात आलं असेल तर दुसऱ्या राउंडचा फॉर्म भरायच्या आधी एकदा बघून ये. पण फक्त केळी आहे म्हणून घेऊ नको. आमच्या वर्गात पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीने अर्धी पोरं हैराण होती, केमिस्ट्री आवडत असेल तरच.

केळीबाग_यावल

केमिस्ट्री अजिबात आवडत नाही दादा, ते पाठ करून काढलं मी. म्हणजे ते गेलं.

काल रात्री पप्पांना सांगितलं की मला पावती दाखवा. आधी नाही म्हणाले, मग दिली. त्यांच्या हिशोबात व्याज नव्हतंच, नुसते १८ लाख मांडले होते आणि खाली लिहिलं होतं "नदीकाठचं दीड एकर". मग बँकवाल्या काकांचा हिशोब मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले "तुले इलेक्ट्रिकल आवडीन का पण, का माह्या पैशासाठी म्हनते?" मला लगेच उत्तर देता आलं नाही आणि म्हणून मी अजून पक्कं केलेलं नाहीये. आई म्हणते एकटी कशी येशील जाशील, तिला ते वेगळंच टेन्शन.

एक हजार भरून जळगावची सीट ॲक्सेप्ट केली आणि बेटरमेंट टाकलं. पुण्यावाल्यांना रिफंडचा नियम मेलवर मागितला तर तीन दिवसांत उत्तर नाही, फोन मात्र चालूच आहेत.

उद्या सकाळच्या एसटीने आई आणि मी जळगावला जातोय कॉलेज बघायला, दोघींना अर्धं तिकीट आहे. तिथे काय काय बघू?

उपकेंद्र_२२०

ऑफिसमध्ये कमी वेळ घालव. इलेक्ट्रिकल मशीन्सची लॅब कुठे आहे विचार आणि आत जाऊन बघ, मशीनवर धूळ आहे की वापरात आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटतील, त्यांना विचार की प्रॅक्टिकल स्वतः करायला मिळतं की नुसतं बघायला, मुलींच्या हॉस्टेलला जागा कशी मिळते, रात्री लायब्ररी किती वाजेपर्यंत असते. आईला हॉस्टेल दाखव, रेक्टरशी तिला स्वतःला बोलू दे, तू मध्ये बोलू नको. हॉस्टेल नाही मिळालं तर पासवर येणंजाणं होतं, विद्यार्थी पासला भाड्यात ६६ टक्क्यांहून जास्त सूट आहे, पण रोजचे तीन-चार तास जातात, पहिल्या वर्षी ते जड जातं हे घरी आधीच सांगून ठेव.

आणि पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर लॅबमध्ये उभी राहून शोध. मोटर बघून हात लावावासा वाटला तर त्यांना तसं सांग, नाही वाटला तर तेही खरं सांग.

भुसावळ_निवृत्त_बँक

बेटा, येताना भुसावळवरून येणार असशील तर सांग, स्टँडवर आईला चहा पाजतो. आणि दीड एकराचं ऐकून बरं वाटलं की तू ते वेळेत बघितलं.

केळीबाग_यावल

काका, ताई, जाऊन आलो. मशीन लॅबमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली थ्री फेज मोटरचं प्रॅक्टिकल करत होत्या, एकीने मला विचारलं स्टार-डेल्टा (मोटर चालू करायची एक जोडणी) माहीत आहे का, मी म्हटलं आमच्या विहिरीवर आहे, तर तिने पॅनल उघडून दाखवलं आणि मला कनेक्शन ओळखायला सांगितलं. दोन ओळखले, तिसरं चुकलं. आई बाहेर हॉस्टेलच्या मॅडमशी बोलत होती, तिला यायला अर्धा तास लागला आणि मला ते कळलंच नाही.

रात्री पप्पांना सांगितलं की पैशासाठी नाही म्हणत. दुसऱ्या राउंडच्या यादीत जळगावचं इलेक्ट्रिकल पहिलं टाकलंय. पोत अजून डब्यातच आहे, आईला म्हटलं घाल आता, तर म्हणते फायनल लिस्ट लागू दे मग घालते.